‘एवढे सगळे लोक खोटं बोलत होते का?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. १९८०च्या दशकात अमेरिकेत ‘ऑडी ५०००’ ही मोटार आपोआप सुसाट सुटते अशा तक्रारी झाल्या; त्यामागे मुख्यतः चालकाचा चुकीच्या पेडलवर पडलेला पाय होता, असं मी लेखात म्हटलं होतं. त्यावर आपण तीन हरकती घेतल्या आहेत. शेकडो ग्राहक एकाच वेळी खोटं बोलणार नाहीत. ॲक्सिलरेटर आपोआप खाली जाताना साऱ्या अमेरिकेने टीव्हीवर पाहिला. आणि टोयोटा, जनरल मोटर्स यांनी दोष दडवल्याचं उघड झालेलं असताना कंपन्यांची वकिली कशाला? हरकती रास्त आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

ते लोक खोटं बोलत होते असं लेखात कुठेही नाही. पाय ब्रेकवरच होता, अशी त्यांची मनापासून खात्री होती. तक्रारी बहुतेक एकाच साच्यातल्या होत्या: गाडी उभी, गिअरचा लिव्हर ‘पी’मधून (पार्क) ‘डी’ (ड्राइव्ह) किंवा ‘आर’मध्ये (रिव्हर्स) टाकला आणि गाडी सुसाट सुटली, ब्रेक दाबूनही थांबेना. आता कोणत्याही जुन्या ऑटोमॅटिक गाडीची ‘स्टॉल टेस्ट’ आठवा. चाकांना ओट (अडसर) लावायची, हँडब्रेक ओढायचा, डाव्या पायाने ब्रेक घट्ट दाबून ‘डी’ टाकायचा आणि उजव्या पायाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबायचा. इंजिन साधारण दोन-अडीच हजार आरपीएमवर अडकतं, गाडी जागची हलत नाही. पाच सेकंदांच्या आत पाय काढायचा, नाहीतर टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणाऱ्या भागातलं) तेल तापतं. ही टेस्ट शक्य होते, कारण उभ्या गाडीचे ब्रेक इंजिनाला भारी पडतात. ऑडीच्या पाच सिलिंडरच्या इंजिनाची ताकद तर जेमतेम १०० ते १६० अश्वशक्तीच्या घरात होती. म्हणजे तक्रार खरी धरायची तर थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) आणि ब्रेक या दोन वेगळ्या यंत्रणा एकाच क्षणी बिघडायला हव्यात आणि अपघातानंतर दोन्ही आपोआप दुरुस्त व्हायला हव्यात. तपासात ब्रेक मात्र ठणठणीत निघत.

टीव्हीवर जे दिसलं त्याबद्दल. सीबीएस वाहिनीच्या २३ नोव्हेंबर १९८६ च्या ‘सिक्स्टी मिनिट्स’ या कार्यक्रमात पेडल स्वतःहून खाली गेलं, हे खरं. पण त्यासाठी त्या गाडीच्या ट्रान्समिशनला भोक पाडून नळीने बाहेरून दाब दिला होता. तेवढा दाब ट्रान्समिशनमध्ये आपोआप कसा तयार होईल, याचं उत्तर कोणी दिलं नाही. प्रेक्षकांना ना ते भोक दाखवलं, ना ती नळी. माझा राग आहे तो यावर. प्रयोगासाठी गाडीत केलेला बदल प्रेक्षकांपासून लपवला, तर ती पत्रकारिता राहत नाही.

मार्च १९८९ मध्ये अमेरिकी वाहतूक सुरक्षा खात्याचा अहवाल आला, त्यात मुख्य कारण चुकीच्या पेडलवर पडलेला पाय हेच निघालं. पण त्या अहवालाने ऑडीलाही मोकळं सोडलं नाही. आयडल स्टॅबिलायझर, म्हणजे पेडल न दाबता इंजिनाचा वेग स्थिर ठेवणारा भाग, अधूनमधून बिघडायचा, इंजिनाचा वेग अचानक थोडा चढायचा आणि गाडी दचका द्यायची. दचकलेला चालक ब्रेक समजून जे दाबायचा, ते ॲक्सिलरेटर निघायचं, कारण अमेरिकी गाड्यांची सवय असलेल्या पायाला ऑडीच्या पेडलांची मांडणी अनोळखी होती. त्यामुळे ‘चूक चालकाची’ एवढंच म्हणून हात झटकणारी कंपनी मला मान्य नाही. पेडल कुठे बसवायचं हे चालक ठरवत नाही. उपाय निघाला तो शिफ्ट-लॉकचा: ब्रेक दाबल्याशिवाय लिव्हर ‘पी’मधून हलतच नाही. हा खटका इंजिनाला किंवा थ्रॉटलला हातही लावत नाही, तरी तो बसवल्यावर तक्रारी झपाट्याने घटल्या. मुख्य दोष इंजिनाच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये असता तर असं झालं नसतं.

तक्रारींची संख्या पुरावा म्हणून वापरताना प्रत्येक तक्रार कोणत्या तारखेची आहे ते पाहावं लागतं. कार्यक्रमानंतर नोंदवलेली तक्रार कार्यक्रम पाहून आकार घेते. आपल्याकडेही पुण्यातल्या नवले पुलाच्या उतारावर ट्रक सुटला की पहिली बातमी ‘ब्रेक फेल’चीच असते. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडली होती का, हा प्रश्न नंतर कधीतरी येतो.

बनावट प्रयोगाने सर्वात मोठं नुकसान खऱ्या तक्रारीचं होतं. नोव्हेंबर १९९२ मध्ये एनबीसीच्या ‘डेटलाइन’ने जनरल मोटर्सचा पिकअप ट्रक धडकेत पेटताना दाखवला. ठिणगी नक्की पडावी म्हणून खाली खेळण्यातल्या रॉकेटची इंजिनं बांधली होती. फेब्रुवारी १९९३ मध्ये कंपनीने ते उघड केलं आणि वाहिनीला पडद्यावर माफी मागावी लागली. त्या ट्रकची पेट्रोल टाकी चासीच्या बाहेरच्या अंगाला होती, बाजूने धडक बसली की ती थेट तडाख्यात यायची. ही कमजोरी खरी होती. पण चर्चा रॉकेटवरच अडकली, टाकी बाजूला पडली.

आता टोयोटा. ऑगस्ट २००९ मध्ये सॅन डिएगोजवळ लेक्सस ईएस ३५० मधले चौघे गेले. गाडीत दुसऱ्या मॉडेलचं जाड रबरी मॅट होतं, त्यात पेडल अडकलं. ब्रेक दाबूनही गाडी थांबली नाही, हे म्हणणं इथे बऱ्याच अंशी बरोबर आहे, कारण गाडी उभी नव्हती. थ्रॉटल पूर्ण उघडा असला की इंजिनाचा व्हॅक्यूम जवळपास नाहीसा होतो. ब्रेकला जोर देणारा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो; त्यातला साठा एक-दोन दाबांना पुरतो, पुन्हापुन्हा पंप केला की पेडल दगडासारखं होतं. बटण-स्टार्ट गाडी चालू असताना बंद करायला बटण तीन सेकंद दाबून धरावं लागायचं, हेही घाबरलेल्या माणसाला कसं सुचावं? २०१४ मध्ये कंपनीने भरलेले १२० कोटी डॉलर मॅट आणि अडकणाऱ्या पेडलाबद्दल दिशाभूल केल्याचे होते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल ‘नासा’च्या अभियंत्यांनी तपासला, २०११ च्या अहवालात त्यांना तसं कारण सापडलं नाही. ओक्लाहोमातल्या ज्यूरीने मात्र २०१३ मध्ये एका कॅमरीच्या खटल्यात सॉफ्टवेअरला जबाबदार धरलं. हा निकाल आपल्या बाजूचा आहे आणि तो मी टाळत नाही.

जनरल मोटर्सचं इग्निशन स्विच प्रकरण तर आपल्या मुद्द्याला पूर्ण बळ देतं. चावी ‘रन’वरून ‘ॲक्सेसरी’वर सरकायची, इंजिन आणि पॉवर स्टिअरिंग जायचं आणि एअरबॅग उघडायची नाही. कंपनीच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. पण हे सिद्ध कसं झालं? एका वकिलाच्या अभियंत्याने जुना आणि नवा स्विच खोलून शेजारी ठेवले. नव्यातला खटका लांब आणि स्प्रिंग जास्त कडक होती, पार्ट नंबर मात्र तोच. गाडीत काहीही बदल न करता, कोणीही मोजून पाहावा असा हा पुरावा होता. ऑडीच्या बाबतीत गाडी सुसाट सोडू शकेल असा एकही पार्ट पुढे आला नाही.

तुमची गाडी खरंच उसळली तर ब्रेक एकदाच, पूर्ण ताकदीने दाबा आणि सोडू नका. लिव्हर न्यूट्रलला टाका, इंजिन किंचाळलं तरी चालेल. गाडी थांबल्यावरच ती बंद करा. धावत्या गाडीची चावी काढली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. मग कशालाही हात न लावता मॅट आणि पेडलचे फोटो काढा. सर्व्हिस सेंटरला फॉल्ट कोड (गाडीच्या संगणकातल्या बिघाडाच्या नोंदी) पुसण्याआधी ते छापून द्यायला सांगा. पार्ट बदलला तर जुना परत मागून घ्या, तारीख लिहून पिशवीत बंद करून ठेवा. बिलावरचा पार्ट नंबर जुन्याशी जुळला तरी तो टाकून देऊ नका.