आयफोनवाल्यांना सावत्र वागणूक? एक स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार,

आमच्या मेसेजिंग ॲपला एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की अँड्रॉइडला दर पंधरा दिवसांनी अपडेट येतं. आयफोनवर मात्र नोटिफिकेशनमध्ये नुसतं ‘नवीन मेसेज’ दिसतं, पोल (ग्रुपमध्ये मत घ्यायची सोय) नाहीत, आणि लिनक्स कॉम्प्युटरचं ॲप तर आम्ही थांबवलंच. शिवाय ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला, म्हटल्यावर कोड लिहिणारी माणसं फुकट मिळायला काय हरकत आहे? तक्रारी खऱ्या आहेत, शेवटची सोडून.

कोथरूडच्या ऑफिसात आम्ही चौघं. आयफोनचा कोड लिहिणारा त्यात एकच. अँड्रॉइडची अपडेट्स तुम्हाला लाड वाटतात, पण त्यात नव्या सोयी फारशा नसतातच. प्रत्येक फोन कंपनीची बॅटरी वाचवायची तऱ्हा निराळी, आणि बॅकग्राउंडला चालणारं ॲप परस्पर बंद पडतं. तुमच्या सोसायटीत टँकर आल्याचा मेसेज आधी वॉचमनला मिळायला हवा, आणि त्याच्या हातात आयफोन नाही. आमच्या कामाचा क्रम असा: सुरक्षेची दुरुस्ती पहिली, ती सगळीकडे एकाच वेळी जाते. त्यानंतर मेसेज पोचणं. पोल, स्टिकर वगैरे उरलेल्या वेळात.

आता ते ‘नवीन मेसेज’. आयफोनवर ॲपला बॅकग्राउंडला राहून सर्व्हरशी कनेक्शन धरून ठेवता येत नाही, सूचना ॲपलच्या सर्व्हरमार्फतच पाठवावी लागते. त्या सूचनेत आम्ही मजकूर घालत नाही. सूचना आली की ॲपचा एक छोटा भाग जागा होतो, आमच्या सर्व्हरवरून मेसेज आणतो आणि फोनमधल्या किल्लीने उघडतो. त्यासाठी त्याला तीसेक सेकंद आणि मोजकीच मेमरी मिळते. तेवढ्यात जमलं नाही, की तुम्हाला दिसतं ते दिसतं. मजकूर सूचनेतच कोंबला असता तर ही कटकट एका दुपारीत मिटली असती, पण मग एन्क्रिप्शनच्या, म्हणजे मेसेज कुलूपबंद ठेवण्याच्या, गप्पा कशाला मारायच्या? तो छोटा भाग आता रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत नव्याने लिहिलाय आणि टेस्टफ्लाइटवर, म्हणजे ॲपलच्या चाचणीच्या ॲपवर, ठेवलाय.

लिनक्सचं ॲप आम्ही पुन्हा सुरू करणार नाही. आमची सेवा मॅट्रिक्स या मेसेजिंगच्या खुल्या प्रोटोकॉलवर चालते, तेव्हा त्यावरच चालणारं एलिमेंट हे ॲप उतरवून घ्या, आमच्या सर्व्हरचा पत्ता टाका आणि तुमच्याच अकाउंटने लॉगिन करा. रिकव्हरी की हाताशी ठेवा, नाहीतर जुने मेसेज उघडणार नाहीत. धंदेवाल्याने दुसऱ्याचं ॲप सुचवावं हे विचित्र दिसेल. पण तुम्ही पैसे सर्व्हर सांभाळायचे देता, ॲप फुकटच आहे.

राहिली फुकट माणसं. कोड पाठवणारे येतात, कॉलेजची हुशार पोरंही येतात. पण आलेला कोड कुणीतरी वाचावा लागतो, आणि एन्क्रिप्शनला हात लावणारा तर ओळ न् ओळ. आयफोनचा कोड वाचणारा पुन्हा तोच एक. दहा जणांनी पाठवला तर पोल आणखी लांबतील.

टेस्टफ्लाइटची लिंक तुमच्या कमिटीला मेल केली आहे. तिथेही ‘नवीन मेसेज’ दिसलं तर फोनचं मॉडेल आणि वेळ कळवा. पोल दिवाळीच्या आधी होणार नाहीत.