डोडो मूर्ख नव्हता, आणि मॉरिशस आयते मिळाले नव्हते

मॉरिशसविषयी एक मजकूर वरचेवर पुढे पाठवला जातो. त्याचा गोषवारा असा: लठ्ठ आणि मूर्ख डोडो पक्षी डच खलाशांनी खाऊन संपवला, तो संपल्यामुळे टँबालाकोक या झाडाचे बी रुजेनासे झाले आणि अशी १३ च झाडे उरली, पुढे त्या ओसाड बेटावर आपल्या लोकांनी ऊस लावून देश उभा केला. तिन्ही विधानांत सत्याचा अंश आहे, म्हणून ती पटतात. पण ज्या रूपात ती सांगितली जातात, त्या रूपात तिन्ही चुकीची आहेत.

डोडो कबुतराच्या कुळातला; हयात असलेला त्याचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे आपल्या निकोबार बेटांवरही आढळणारे निकोबारी कबूतर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या कवटीच्या अभ्यासानुसार शरीराच्या मानाने त्याचा मेंदू कबुतराएवढाच होता आणि वासाशी संबंधित भाग तर मोठा होता. ज्या बेटावर वटवाघळे सोडली तर मूळचा एकही सस्तन प्राणी नव्हता, तिथल्या पक्ष्याने माणसाला न भिणे याला मूर्खपणा म्हणणे अन्यायाचे आहे. लठ्ठपणाची कल्पना युरोपीय चित्रांतून आली. त्यांतली बरीच चित्रे बंदिवासातले किंवा पेंढा भरलेले पक्षी पाहून, नाहीतर आधीच्या चित्रांवरून काढलेली होती. याउलट जहांगीरच्या काळातले, त्याचा दरबारी चित्रकार मन्सूर याचे मानले जाणारे चित्र बरेच सडसडीत आहे आणि अभ्यासक ते अधिक विश्वसनीय मानतात. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने सुरतेत दोन डोडो पाहिल्याची नोंद आहे, हे वाचल्यावर तो पक्षी मला एकदम जवळचा वाटू लागला.

खलाशांनी डोडो मारले आणि खाल्ले, हे खरेच आहे. पण १५९८ साली आलेल्या डचांनीच त्याला ‘शिसारी आणणारा पक्षी’ अशा अर्थाचे नाव दिले होते, कारण जितके शिजवावे तितके त्याचे मांस चिवट होई. १६३८ नंतरच्या त्यांच्या वसाहतीत माणसे मोजकीच होती आणि तिथल्या किल्ल्याच्या उत्खननात सापडलेल्या खाद्य-अवशेषांत डोडोची हाडे आढळली नाहीत. खरा घात जहाजांतून उतरलेल्या उंदरांनी, डुकरांनी आणि माकडांनी केला, कारण जमिनीवर घातलेले एकुलते अंडे त्यांच्यापासून वाचवणे त्या पक्ष्याच्या आवाक्याबाहेरचे होते. त्याची शेवटची विश्वासार्ह मानली जाणारी नोंद १६६२ ची आहे आणि तीही किनाऱ्यालगतच्या एका छोट्या बेटावरची.

झाडाच्या कथेचा उगम १९७७ च्या एका शोधनिबंधात आहे. डोडोच्या पोटातून गेल्याशिवाय बी रुजत नाही, असा त्यात दावा होता. त्यासाठी डोडोऐवजी टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या, १० शाबूत बाहेर आल्या आणि त्यांतल्या तीन रुजल्या. पण पक्ष्याच्या पोटात न गेलेल्या बियांशी तुलनाच केलेली नव्हती. वनखात्याने असे कोणतेही संस्कार न करता रोपे तयार केली होती, आणि झाडेही १३ पेक्षा कितीतरी जास्त निघाली. हे झाड संकटात आहे ते मुख्यतः माकडे, डुकरे आणि परदेशी झुडपांमुळे.

तिसऱ्या विधानाने मला सर्वाधिक अस्वस्थ केले. बेटावर मूळ रहिवासी नव्हते हे खरे, परंतु २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ भारतीय मजूर उतरले तेव्हा ते ओसाड मुळीच नव्हते. डचांच्या आणि पुढे १७१५ पासून फ्रेंचांच्या अमलात मादागास्कर, मोझांबिक आणि भारतातूनही गुलाम आणले गेले. त्यांनी जंगल तोडले, बंदर बांधले, ऊस कापला. १ फेब्रुवारी १८३५ रोजी गुलामगिरी संपली तेव्हा तिथे ६० हजारांहून अधिक गुलाम होते. भरपाई मिळाली ती मालकांना, सुमारे २० लाख पौंड. गुलामांना काहीच मिळाले नाही. त्यांची जागा भरण्यासाठीच करारबद्ध मजूर आणले गेले. पुढच्या सुमारे आठ दशकांत त्यांची संख्या साडेचार लाखांवर गेली, आणि मुंबई बंदरातून गेलेली कोकणातली मराठी माणसे त्यांतलीच. त्यांच्या कष्टांचा अभिमान मलाही आहे, पण आधीच्या लोकांना पुसून टाकून तो मिरवता येत नाही. मॉरिशसने स्वतः तसे केलेले नाही: करारबद्ध मजूर जिथे उतरत तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट आणि पळून गेलेल्या गुलामांचा आसरा ठरलेला ल मोर्न डोंगर ही दोन्ही ठिकाणे जागतिक वारसा आहेत, आणि १ फेब्रुवारी व २ नोव्हेंबर या दोन्ही दिवशी तिथे सार्वजनिक सुटी असते.