मुंबई–न्यूयॉर्कचं 'लपवलेलं' अंतर

लेकीकडे न्यू जर्सीला पहिल्यांदाच निघालेल्या काकूंनी मुंबई–न्यूयॉर्क विमानप्रवासाबद्दलचा एक फॉरवर्ड पाठवून विचारलं, "हे खरं का रे?" नाही काकू, खरं नाही. त्यात म्हटलंय: विमान नुसतं हवेत थांबलं तरी पृथ्वी फिरून अमेरिका खाली येईल, सरळ वाट सोडून कंपन्या तिकीट वाढवायला उत्तरेकडून फिरवून नेतात, आणि रात्री 2 ला निघून सकाळी 8 ला पोचतो, म्हणजे प्रवास सहाच तासांचा.

पहिला मुद्दा तर कमालीचा अडाणी आहे. मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी साधारण 1,580 किमी वेगाने पूर्वेला जाते. धावपट्टीवर उभं असलेलं विमानही त्याच वेगाने जात असतं आणि भोवतालची हवाही. उडाल्यावर तो वेग कुठे जाणार? फॉरवर्ड खरा असता, तर सांताक्रूझवर तासभर घिरट्या घालणारं हेलिकॉप्टर ओमानच्या किनाऱ्याजवळ उतरलं असतं. आणि पश्चिमेला जाणं सोपं असायला हवं होतं. प्रत्यक्षात जायला साधारण 16 तास लागतात, यायला तास-दीड तास कमी.

हा फरक पाडतो वारा. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जेट प्रवाह असतात, हिवाळ्यात जास्त जोरदार. फेब्रुवारी 2020 मध्ये सियारा वादळाच्या वेळी ब्रिटिश एअरवेजचं बोइंग 747 न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं. एरवी या प्रवासाला साडेसहा तासांच्या आसपास लागतात. पृथ्वी त्या रात्री काही जोरात फिरली नव्हती. एवढं मात्र मान्य करावं लागेल की हे वारे पूर्वेकडे वळतात त्यामागे पृथ्वीचं फिरणंच आहे. पण ते वाऱ्यामार्फत. अमेरिका सरकून खाली येत नाही.

आता 'वाकडी वाट'. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून काढलेली सरळ रेघ, म्हणजे एकच दिशा धरून केलेला प्रवास, सुमारे 14,200 किमी भरतो. गोलावरचं सर्वांत कमी अंतर सुमारे 12,530 किमी. म्हणजे फॉरवर्डवाल्यांची 'सरळ' वाट जवळजवळ 1,700 किमी लांबची, दोन तासांचं जादा इंधन. घरात पृथ्वीगोल असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर दोरा ताणून धरा. तो अफगाणिस्तान, रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलँडवरून जाईल. विमान अगदी दोऱ्यावरून जात नाही, हे खरं. समोरचा वारा टाळायला किंवा एखाद्या देशाने हवाई हद्द बंद केली म्हणून वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा पडलाच. पण त्यात इंधन कंपनीचंच जळतं.

सहा तासांचा हिशेब मात्र धोक्याचा आहे. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे: उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. 2 ते 8 चे सहा तास अधिक साडेनऊ, म्हणजे साडेपंधरा, हिवाळ्यात साडेसोळा. काकू, इन्सुलिन आणि गोळ्यांचं वेळापत्रक डॉक्टरांकडून याच तासांवर करून घ्या, घर ते घर धरून. औषधं हातातल्या बॅगेत ठेवा आणि उतरेपर्यंत घड्याळ भारताच्याच वेळेवर राहू द्या.