'तालमीचं तोंड तरी पाहिलंय का?' या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार सर, तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, लगेच लिहायला बसलो होतो पण म्हटलं सकाळी शांत डोक्यानं लिहू, तर सकाळी परत वाचली आणि डोकं काही शांत झालं नाही.

डब्ल्यूडब्ल्यूएफ (आताची डब्ल्यूडब्ल्यूई) या अमेरिकन कुस्तीच्या शोमधली ब्रेट हार्ट विरुद्ध स्टीव्ह ऑस्टिन, रेसलमेनिया 13, ही सबमिशन मॅच (समोरच्यानं हार मानेपर्यंत चालणारी) प्रत्येकानं एकदा तरी बघावी, असं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता की हे सगळं आधी ठरलेलं असतं, हरलेल्याला मी हिरो करतोय, रक्तबंबाळ मॅच पोरांपुढे ठेवतोय, मेन इव्हेंट कुठली तेही मला माहीत नाही. आणि शेवटी, "कोल्हापूरचे म्हणवता, तालमीचं तोंड तरी पाहिलंय का कधी?"

मेन इव्हेंटचं तुमचं बरोबर आहे. शेवटची मॅच अंडरटेकर आणि सायको सिडची होती, माझी चूक, दुरुस्त केलीय. चूक दाखवलीत त्याबद्दल आभार.

पण तालमीचं काय बोललात हो! माझे आजोबा तालमीतले. दोन्ही कान घासून घासून गड्डा झालेले, त्यात बोट घालायलाही जागा नव्हती. पहाटे चारला त्यांच्यामागं जाऊन मी हौद्यातली माती खणलीय, तेल-ताक घातलेल्या त्या मातीचा वास मला अजून आठवतो. मी पैलवान झालो नाही हे खरं, पण तुमची माझी ओळख ना पाळख, मग हे विचारायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मॅचवर बोला ना, माझ्या घरावर कशाला घसरता?

आणि ही मॅच मी त्याच आजोबांच्या शेजारी बसून बघितलीय. केबलवर लागली होती, मी आठवीत, डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांचं वेड. त्यांना हा प्रकार अजिबात आवडायचा नाही, उघड्यावर नाचतात म्हणायचे. मी नियम सांगितला, की यात चितपट नाही, रिंगबाहेर गेलं तरी चालतं, खुर्ची मारली तरी बाद नाही, समोरच्यानं हात आपटून किंवा तोंडानं स्वतः हार कबूल केली तरच निकाल. मग ते जरा सरसावून बसले. कारण आपल्याकडे पाठ टेकली की संपलं, मनातून तो हरला की नाही हे कुणी विचारत नाही.

शेवटी ब्रेटनं शार्पशूटर लावला, म्हणजे पाय अडकवून पाठ मोडणारा त्याचा पेच. ऑस्टिन पालथा, पाय अडकलेले, कपाळावरचं रक्त नाकावरून दातांत आलेलं, दोन्ही हातांवर अंग उचलून ओरडतोय, एकदा तर पेच जवळजवळ सुटलाच होता. रेफरी केन शॅमरॉक खाली वाकून विचारतोय, सोडतोस का, सोडतोस का. तो सोडत नाही. मग डोकं खाली पडलं, शुद्ध गेली, शॅमरॉकनं मॅच थांबवली. आजोबांनी विचारलं, "हात आपटला का त्यानं?" म्हटलं नाही. "मग कसला हरला?"

तुमच्या "हरलेला हिरो"ला हे उत्तर आहे. ब्रेट जिंकला हे मी पोस्टमध्येच लिहिलंय, नीट वाचलं असतं तर दिसलं असतं. घंटा झाल्यावरही ब्रेट त्याला मारत राहिला, शॅमरॉकला त्याला उचलून बाजूला आपटावं लागलं, आणि मॅचच्या आधी जो चांगला होता त्याची हुर्यो झाली. ऑस्टिन मात्र मदतीला आलेल्याला झिडकारून लंगडत स्वतःच्या पायांनी आत गेला आणि लोक त्याच्या नावानं ओरडत होते. 23 मार्च 1997, शिकागोजवळचं रोझमाँट, 18 हजारांवर माणसं, आणि एका मॅचमध्ये दोघांचीही जागा उलटी झाली. चितपटच्या नियमात हे जमलंच नसतं.

ठरलेलं असतं हे शेंबड्या पोरालाही माहितीय. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समरस्लॅमला ओवेन हार्टच्या पाइलड्रायव्हरनं (समोरच्याला उलटं धरून डोक्यावर आपटायचा डाव) ह्याच ऑस्टिनची मान गेली, काही वेळ हातपाय हलेनात, ते काय ठरवून झालं होतं? रक्ताचं म्हणाल तर पोरांना काय दाखवायचं ते आईबाप बघतील, त्यात मी पडत नाही.

मॅच बावीसेक मिनिटांची आहे, तुम्ही ती पूर्ण बघितली नाही हे तुमच्या लिहिण्यावरूनच कळतं. बघा आणि मग हवं तितकं कडक लिहा, मी उडवणार नाही. फक्त तालमीचं ते वाक्य तेवढं मागे घ्या, बाकीची प्रतिक्रिया राहू दे तशीच.