सात विमानं, आठ हजार माणसं

नाउरूच्या विमान कंपनीची गोष्ट निघाली की लोक हसतात. मीही हसायचो. प्रशांत महासागरातला २१ चौरस किलोमीटरचा बेटदेश. सकाळी चालायला निघालात तर देशाला प्रदक्षिणा घालून दुपारच्या जेवणाला घरी. आणि ऐन भरात यांच्याकडे सात बोइंग! लोकसंख्या तेव्हा आठेक हजार, म्हणजे दहातला एक नाउरूकर एकाच वेळी हवेत बसवता आला असता.

पैसा फॉस्फेटचा. १९०७ पासून परके तो खणून नेत होते आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची शेतं त्या खतावर पिकत होती. १९६८ साली नाउरू स्वतंत्र झालं, १९७० साली खाणी हातात आल्या आणि त्याच वर्षी एअर नाउरूचं पहिलं चिमुकलं फाल्कन जेट उडालं. पुढे होनोलुलू, हाँगकाँग, मनिला, ऑकलंड, जपानमधलं कागोशिमा... कुठे नाही गेली ही विमानं! बहुतेक वेळा जवळजवळ रिकामीच. राष्ट्राध्यक्षांना विमान हवं असलं की तिकीट काढलेले प्रवासी खाली राहायचे, असंही सांगतात. पहिले राष्ट्राध्यक्ष हॅमर डिरोबर्ट यांच्या राजवटीत तिजोरी भरलेली होती, हिशेब विचारणार कोण? मेलबर्नमध्ये ५२ मजली नाउरू हाउस बांधलं, त्याला तिथल्या लोकांनी पक्ष्यांच्या शिटेचा मनोरा असं नाव ठेवलं. (फॉस्फेट पक्ष्यांच्या विष्ठेतून झालं, अशी समजूत. टोमणा झोंबरा, पण जमलेला.)

मग फॉस्फेट आटलं. एकेक विमान गेलं, २००४ मध्ये मनोराही विकला. डिसेंबर २००५ मध्ये हप्ते थकले म्हणून निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या अमेरिकेच्या सरकारी एक्झिम बँकेच्या वतीने उरलेलं एकमेव बोइंगही जप्त झालं.

इथे मला हसू येईनासं होतं. ऑस्ट्रेलियाचा किनारा तीन हजार किलोमीटर लांब. दवाखान्यासाठी, शिक्षणासाठी बाहेर जायचं तर विमानच. उधळपट्टी झाली हे खरंच, पण तिच्यावर बोट ठेवताना आपण विमान कंपनी असण्यालाच उधळपट्टी म्हणून मोकळे होतो.

आमच्या गावी मुक्कामी एसटी यायची. रात्री उतरणारे कधी सात, कधी चार. त्या फेरीत डिझेलचेही पैसे सुटत नसणार. पण पहाटे पाचला तीच गाडी कुणाला तालुक्याच्या दवाखान्यात, कुणाला परीक्षेला घेऊन जायची. ती बंद करा असं गावात कुणी म्हणालं असतं तर त्याला चावडीवर उभं केलं असतं. नाउरूची पहिली दोन विमानं ही मुक्कामी एसटी होती. तिसऱ्यापासून पुढची हौस. या दोन्हींचा हिशेब एकाच वहीत मांडला, तिथे घोळ झाला.

२००६ मध्ये तैवानच्या मदतीने एक सेकंडहँड ७३७ आलं. कंपनीचं नवं नाव काय ठेवलं माहितेय? ‘अवर एअरलाइन’. आपली विमान कंपनी! २०१४ पासून ती नाउरू एअरलाइन्स झाली. ब्रिस्बेनहून माणसं आणि माल घेऊन येते, शेजारच्या बेटांनाही जोडते. धावपट्टी जपान्यांनी महायुद्धात करून घेतलेली तीच, समुद्राला खेटून. विमान उतरायचं झालं की रिंग रोडवरच्या गाड्या थांबवतात, आणि स्कूटरवरची माणसं आपलं विमान खाली येईपर्यंत तिथेच उभी राहतात.