नमुना आठवर नाव चढलं म्हणून फ्लॅट आपला होत नाही

आमच्या यवतमाळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय: ‘तालुक्याला नवीन फ्लॅट घेताना पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करा, नमुना आठवर नाव चढवा, झालं. बँक कर्ज देते म्हणजे कागद साफच असतात. रेरा नागपूर-पुण्यासाठी आहे. वकील आणि रजिस्ट्रीवर पैसे घालू नका.’ कापसाचा चुकारा साठवून लेकरांच्या शाळेसाठी फ्लॅट पाहणारी घरं हे खरं मानताहेत, म्हणून लिहितोय.

आधी नोटरी. सही अमुक माणसाने माझ्यासमोर केली, एवढीच नोटरीची साक्ष. मालकी मिळते ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या दस्तानेच. 1908 चा नोंदणी कायदा तेच सांगतो, आणि सर्वोच्च न्यायालयानेही 2011 मध्ये मुखत्यारपत्र व विक्री करारावरच्या व्यवहारांनी मालकी मिळत नाही असं स्पष्ट केलंय. समजा बिल्डरने तोच फ्लॅट दुसऱ्याला रजिस्ट्री करून दिला. सूची क्रमांक 2 मध्ये, म्हणजे नोंदवलेल्या दस्तांच्या सरकारी उताऱ्यात, नाव त्या दुसऱ्याचं येणार. तुमचा नोटरीचा कागद त्या सूचीत कुठेच नाही, आणि भरलेल्या पैशासाठी तुम्हाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार.

नमुना आठ ही ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही. कर कोणाकडून घ्यायचा, एवढंच ती सांगते.

बँकेचा मुद्दा तर स्वतःलाच खोडतो. गृहकर्ज देताना बँक नोंदवलेला करारच मागते, मग नोटरीवर भागतं कसं? शिवाय बँक कागद तपासते ते स्वतःच्या पैशाच्या काळजीने. आपला शोध आपणच घ्यायचा.

आणि खरा शोध सातबाऱ्यात आहे. ‘इतर हक्क’ हा रकाना ओळ न् ओळ वाचा. बोजा दिसेल, कुळाची नोंद दिसेल. जमीन भोगवटादार वर्ग 2 (परवानगीशिवाय विकता न येणारी) आहे का, अकृषक (बिगरशेती) झाली आहे का, तेही बघा. आपल्याकडे दोन गोष्टी जास्त जपायच्या. भूदानाची जमीन मोकळेपणाने विकता येत नाही, आणि आदिवासींची जमीन शासनाच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला जात नाही. अशा जमिनीवर फ्लॅट कितीही चकचकीत असला तरी वाद जमिनीपासून सुरू होतो. तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे जमिनीच्या जुन्या व्यवहारांचा तपास, वकिलाकडून घ्यायचा तो यासाठीच, आणि इसार देण्याआधी.

रेरा म्हणजे बिल्डरच्या प्रकल्पांची नोंदणी आणि फ्लॅट घेणाऱ्यांचं संरक्षण करणारा कायदा. तो फक्त शहरांसाठी आहे, हेही चूक. तालुक्याच्या नगर परिषद हद्दीतला प्रकल्पही त्यात येतो. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असतील तर नोंदणीतून सूट आहे, पण तिथे 1963 चा मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा जुना फ्लॅट मालकी कायदा, आहे. नोंदणी असलेल्या प्रकल्पात करार नोंदवल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. ताब्यानंतर 5 वर्षांत बांधकामातला दोष निघाला तर तो बिल्डरने फुकट दुरुस्त करायचा. प्रकल्पाचा नोंदणी नंबर महारेराच्या (राज्यातल्या रेरा प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर टाका, मंजूर नकाशा आणि चटई क्षेत्र तिथेच दिसतं. ताबा घेताना भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्यायोग्य असल्याचा अधिकृत दाखला, मागा. सरपंचाचा दाखला त्याची जागा घेत नाही.

राहिला खर्च. निवासी फ्लॅटची नोंदणी फी किमतीच्या 1 टक्का, पण 30,000 रुपयांवर जात नाही. घर बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते.

ज्यांनी 10 टक्क्यांहून जास्त पैसे आधीच दिलेत, त्यांनी करार नोंदवून देण्याची मागणी लेखी करा आणि पोच घ्या. बिल्डर टाळत असेल तर महारेराकडे ऑनलाइन तक्रार करता येते.