अपडेट बंद करून दिले नाहीत, त्याबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय काल रात्री दुकान बंद करताना वाचला. आज सकाळी पोरांनाही वाचून दाखवला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो. लॅपटॉप हळू चालतो म्हणून तुम्ही राजारामपुरीत आमच्याकडे आलात. विंडोजचे अपडेट कायमचे बंद करा आणि क्रॅकचं, म्हणजे लायसन्स न घेता कुलूप तोडून चालवायचं, मायक्रोसॉफ्ट ऑफिस टाकून द्या म्हणालात. आम्ही दोन्हीला नकार दिला, वर साडेआठशे रुपये घेतले, आणि घरी गेल्यावर प्रिंटर चालेना. ‘कंपन्याच सॉफ्टवेअरमध्ये भोकं ठेवतात आणि अपडेटच्या नावाखाली नवीन मशीन गळ्यात मारतात. हे दुकानवाले त्यांचेच एजंट,’ असं तुम्ही लिहिलंय.

आधी प्रिंटरचं बोलतो. चूक आमची आहे. प्रिंटर तुमच्या घरी होता, त्यामुळे इथं प्रिंट काढून बघता आली नाही, पण ‘घरी गेल्यावर एकदा तपासा, अडलं तर फोन करा’ एवढं तरी सांगायला हवं होतं. पैशाचंही तसंच. काम सुरू करायच्या आधी आकडा सांगायला हवा होता. आजपासून पावतीवर अंदाज लिहून, ग्राहकाची सही घेऊनच मशीन उघडायचं, असं ठरवलंय.

एजंट हा शब्द मात्र लागला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. तुमचा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. मला नवीन लॅपटॉप विकायचा असता तर एवढं सांगून भागलं असतं. त्याऐवजी आम्ही तुमच्या आहे त्या मशीनची १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच्या सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी करून दिली. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं, म्हणून तुमचा ईमेल मागितला. खातं मागण्याची ती अट मलाही पटत नाही. आणि स्क्रीन, कीबोर्ड, सगळं ठणठणीत असलेलं मशीन एका यादीपायी बाद ठरावं, हेही पटत नाही. नवी सुरक्षा चिप लागते या कंपनीच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण त्याची किंमत मोजतो तो साधा माणूस. इथवर मी तुमच्याच बाजूचा आहे.

भोकांचं मात्र जरा सविस्तर सांगायला पाहिजे. भोक म्हणजे प्रोग्राममधली अशी चूक, जिच्यातून चोर मशीनमध्ये शिरू शकतो. करोडो ओळींच्या प्रोग्राममध्ये अशा चुका राहतातच, आणि कंपन्यांच्या घाईमुळे त्या वाढतात. पण २०१७ साली जे झालं ते त्याहून वाईट होतं. विंडोजमधलं एक भोक अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला आधीपासून माहीत होतं. कंपनीला न कळवता त्यांनी त्याचं हत्यार करून ठेवलं. ते हत्यार चोरीला गेलं आणि एप्रिलमध्ये इंटरनेटवर उघडं पडलं. मायक्रोसॉफ्टनं दुरुस्ती १४ मार्चलाच दिली होती. १२ मे ला त्याच भोकातून शिरणारा, फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय नावाचा व्हायरस सुटला आणि दीडशेच्या आसपास देशांत पसरला. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांत ऑपरेशनं रद्द करावी लागली. दुरुस्ती येऊन दोन महिने झाले होते, पण लाखो मशीनवर ती बसलीच नव्हती.

आपण पंचगंगेकाठची माणसं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर धोका, हे इथल्या पोराटोरांनाही पाठ आहे. ३९ चा आकडा ऐकला की सखल भागातली माणसं सामान माळ्यावर चढवायला लागतात. सुरक्षा अपडेट मला त्या ३९ फुटांसारखा वाटतो. त्यात आणखी एक गोष्ट आहे. दुरुस्ती बाहेर आली की चोरही ती उलगडून बघतात आणि भोक नेमकं कुठं होतं ते त्यांना कळतं. म्हणजे अपडेट न घेणाऱ्याचा धोका त्या दिवसापासून वाढतच जातो.

अपडेटमुळे घोळ होतो, हेही मान्य. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटनं जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पाडली, आपल्याकडं विमानतळावर हातानं बोर्डिंग पास लिहायची वेळ आली. म्हणून घाई नको असेल तर सेटिंगमध्ये जाऊन अपडेट एक आठवडा थांबवा. ती सोय विंडोजमध्येच आहे. कायमचे बंद मात्र मी करून देणार नाही.

क्रॅकला नाही म्हणण्यामागं माझी स्वतःची चूक आहे. पूर्वी मी क्रॅक टाकून द्यायचो. उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपला असंच ऑफिस टाकून दिलं, अँटिव्हायरस बंद कसा करायचा तेही दाखवलं, कारण त्याशिवाय क्रॅक बसत नाही. २०१९ मध्ये ते ऑफिस पुन्हा अ‍ॅक्टिव्हेशन मागायला लागलं. त्यांच्या मुलानं मी दाखवलं होतं तसंच केलं, अँटिव्हायरस बंद केला आणि इंटरनेटवरून अ‍ॅक्टिव्हेटर उतरवला. संध्याकाळपर्यंत एकही फाईल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये एकच चिठ्ठी : ९८० डॉलर भरा, ७२ तासांच्या आत भरले तर ४९०. बॅकअपचा पेनड्राइव्ह मशीनलाच लावलेला होता, तोही गेला. त्यांनी पैसे भरले नाहीत. बिलबुकाच्या कार्बन कॉपी काढून घरची तीन माणसं तीन आठवडे हिशेब पुन्हा लिहीत बसली होती. मी रोज जायचो. ते मला एका शब्दानं बोलले नाहीत, आणि तेच मला आजही सहन होत नाही. त्यानंतर या दुकानातून क्रॅक गेलेला नाही.

तुमच्या मशीनवर काय आहे ते मी इथं लिहिणार नाही, पण ते पुन्हा मिळण्यासारखं नाही, हे तुम्हाला माहीत आहे. लिबरऑफिस टाकून दिलंय. ते मोफत आहे, मराठीतही चालतं, आणि तुमच्या नेहमीच्या फाईली त्यात उघडतात. आठ दिवस वापरून बघा.

उद्या अकरानंतर आमचा मुलगा घरी येईल आणि प्रिंटर चालू करून देईल. त्याचे पैसे द्यायचे नाहीत. घरात एखादी जादा हार्डडिस्क असेल तर काढून ठेवा, तो बॅकअपही घेईल. घेऊन झाला की डिस्क मशीनपासून काढून कपाटात ठेवा.

आपला,
दुकानमालक, राजारामपुरी